डीप डिश पिझ्झा: सॉस वर, चीज खाली आणि पाऊण तास वाट का?

शिकागोहून घरच्या ग्रुपवर तिथल्या प्रसिद्ध डीप डिश पिझ्झ्याचा फोटो टाकला आणि मिनिटभरात धाकट्या जावेचा प्रश्न आला, "ताई, पिझ्झा कुठाय? मला तर केकच्या भांड्यात टोमॅटोची चटणी दिसतेय." पाठोपाठ नाशिकचे काका, "चीज संपलं होतं का त्यांच्याकडे?" उत्तर टाइप करायला घेतलं, ते काही संपेना. म्हणून हा लेख.

गोंधळ आमच्याच घरातला नाही. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि ते शिकागोचे निघाले, तेव्हा समाजमाध्यमांवर डीप डिशच्या विनोदांना ऊत आला होता. इटलीत राहून हा माणूस आता कुठल्या पिझ्झ्याची बाजू घेणार, वगैरे. आपल्याकडच्या पुष्कळांना त्या विनोदात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही, कारण डीप डिश म्हणजे नक्की काय हेच माहीत नव्हतं.

तर या पिझ्झ्यात खरं कोडं एकच आहे, ते म्हणजे त्याची खोली. सॉस वर का, चीज खाली का, वाट इतकी का बघायची, काटा-चमचा का लागतो, दोन तुकड्यांत माणूस गार का होतो, ही सगळी त्या एका गोष्टीची पिल्लं आहेत.

जाड नव्हे, खोल

आपल्याकडे पॅन पिझ्झा म्हणून जो मिळतो तो जाडजूड, पावासारखा फुगलेला असतो आणि वर थोडा माल पसरलेला असतो. डीप डिश म्हणजे त्याहून जाड, असा आपला समज. प्रत्यक्षात उलटं आहे. डीप डिशचं पीठ बेताचंच असतं. खोल असतं ते भांडं.

दीड-दोन इंच उंच कडांचं गोल, काळं, लोखंडी पत्र्याचं भांडं घ्यायचं. त्याला सढळ हाताने तेल लावायचं. पिठाचा गोळा बोटांनी दाबत तळाला पसरवायचा आणि कडांवरही चढवायचा. झाली पिठाची वाटी. या वाटीत सगळ्यात खाली मोझरेला चीजचे काप, कौलं शाकारल्यासारखे एकावर एक. त्यावर सॉसेज, मशरूम, पालक, ढोबळी मिरची, जे काय हवं ते. त्यावर हाताने कुस्करलेले टोमॅटो, आणि शेवटी किसलेलं खारट, कडक चीज भुरभुरवायचं. म्हणजे नेहमीच्या पिझ्झ्याची चळत उलटी लावलेली.

फुलका आणि भानोलं

नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झ्याची भट्टी ४३० ते ४८० अंश सेल्सिअसला तापलेली असते आणि पिझ्झा आत राहतो साठ ते नव्वद सेकंद. हा फुलक्याचा कारभार झाला. पातळ वस्तू, सणसणीत आच, टाकला की फुगला.

डीप डिश ओव्हनमध्ये साधारण २२० ते २५० अंशांवर अर्धा ते पाऊण तास असतो. आपल्याकडे याच्या जवळचं काही शोधायचं तर सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांतलं भानोलं. खोलगट भांडं, वरखाली निखारे, आणि आतपर्यंत शिजेस्तोवर धीर.

मग आच वाढवून काम लवकर का उरकत नाहीत? गुलाबजाम मोठ्या आचेवर ज्यांनी तळलेत त्यांना हे विचारावं लागणार नाही. बाहेरून चॉकलेटी, आत कच्ची गोळी. उष्णतेला पृष्ठभागापासून मध्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि तिची चाल ठरलेली असते. त्यातही एक मेख आहे. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो. जाडी तिप्पट तर वेळ नऊपटीच्या आसपास. ढोकळ्याचं पीठ भांड्यात जरा जास्त ओतलं की सुरी का ओली निघते, त्याचंही कारण हेच.

म्हणून पाऊण तास. हॉटेलवाल्यांचा आळस नाही की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून बिअर विकायची युक्ती नाही. (बिअर विकली जाते, हा भाग वेगळा.)

मग सॉस वर का?

आता तो पाऊण तास हिशेबात धरून विचार करा. चीज वर असतं तर काय झालं असतं? मिनिटभराच्या भाजणीत चीज वितळतं आणि त्याच्यावर तपकिरी ठिपके पडतात. छान दिसतं. तेच चीज चाळीस मिनिटं तापत्या ओव्हनच्या तोंडी दिलं तर त्याचं तूप सुटून वाहू लागतं आणि उरतो तो करपलेला, चामड्यासारखा पापुद्रा. त्याला झाकण हवं, आणि ते काम टोमॅटो करतात. टोमॅटोत पाणी भरपूर. पाणी असेपर्यंत वरचा थर करपत नाही.

दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. टोमॅटो वर उघडे असल्यामुळे त्यांच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. बहुतेक जुन्या ठिकाणी सॉस वेगळा शिजवतच नाहीत. डब्यातले टोमॅटो कुस्करतात, मीठ-मसाला लावतात आणि तसेच ओततात. शिजायचं ते ओव्हनमध्येच शिजतात, आटतात, गोड होतात. हेच टोमॅटो चीजखाली दाबले असते तर वाफ कोंडली असती आणि पुरण पातळ झाल्यावर पोळीचं जे होतं ते पिठाचं झालं असतं.

खालच्या चीजलाही काम आहे. ते वितळून पिठावर पसरतं आणि टोमॅटोचं पाणी खाली झिरपू देत नाही. गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात तसं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चीज संपलं नव्हतं, ते खाली ड्यूटीवर होतं.

मोहनाची गोष्ट

या पिझ्झ्याची कड खाल्ली की ज्याला शंकरपाळी माहीत आहे तो चमकतो. पावासारखी ती ओढावी लागत नाही, दाताखाली खुसकन मोडते.

कारण मोहन. कणीक पाण्याने मळली की तिच्यात प्रथिनांचं एक लवचीक जाळं तयार होतं, त्याला ग्लूटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक आपण तिंबून तिंबून मऊ करतो ती हे जाळं ताणलं जावं, फाटू नये म्हणून. नेपल्सचा पिझ्झा या जातीचा. करंजी-शंकरपाळीला मात्र आपण मोहन घालतो. तुपा-तेलाने पिठाचे कण माखले की त्यांना पाणी नीट भिडत नाही, जाळं तुटक राहतं आणि खुसखुशीतपणा येतो. डीप डिशच्या पिठात तेल, लोणी किंवा दोन्ही असं भरपूर मोहन असतं आणि ते मळतात कमी. यीस्ट असतंच, म्हणून ती अगदी शंकरपाळीही होत नाही. पाव आणि खारी यांच्या मधे कुठेतरी थांबते.

याचाही धागा खोलीशीच जुळतो. ओढून फुगणारं पीठ कडांवर चढवलं तर आक्रसून खाली बसेल. मोहनाचं पीठ जिथे दाबाल तिथे राहतं. शिवाय एवढा ओला माल पोटात घेऊन ताठ उभं राहायला भिंत कडकच हवी.

तळाला लावलेल्या तेलात पीठ भाजलं जात नाही, जवळजवळ तळलं जातं. भांडी वर्षानुवर्षं वापरून मुरलेली, आजीच्या बिडाच्या तव्यासारखी काळी कुळकुळीत. काळं भांडं उष्णता चटकन पितं, त्यामुळे तळ नीट तांबूस होतो.

कडेचा पिवळा रंग पाहून "यात मक्याचं पीठ असतं" असं छातीठोकपणे सांगणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतो. आमच्या टेबलावर ती मी होते. काही ठिकाणी ते थोडं घालतातही, पण नामांकित ठिकाणांपैकी लू मालनाटीजच्या पिठात मका नाही. पिवळेपणा बऱ्याचदा लोण्या-तेलाचा असतो, क्वचित चक्क खाण्याच्या रंगाचा.

१९४३, आणि श्रेयाची भाऊबंदकी

डीप डिशची गंगोत्री म्हणून दाखवतात ती जागा म्हणजे शिकागोच्या ओहायो स्ट्रीट आणि वाबाश अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं पिझ्झेरिया उनो. १९४३ साली, ऐन महायुद्धात, एका जुन्या हवेलीच्या तळाशी ते सुरू झालं. चालवणारे दोघे, टेक्सासचे आइक स्यूएल आणि इटलीत जन्मलेले रिक रिकार्डो. धंदा इतका चालला की १९५५ मध्ये जवळच दुसरं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं पिझ्झेरिया दुए. इटालियनमध्ये उनो म्हणजे एक, दुए म्हणजे दोन. नावं ठेवण्यात डोकं शिणवलं नाही, हे मला आवडलं.

पण हा पिझ्झा शोधला कोणी? मालकांनी की स्वयंपाकघरातल्या माणसांनी? उनोमध्ये रूडी मालनाटी कामाला होते, आणि कृती त्यांचीच, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचा मुलगा लू याने १९७१ मध्ये लिंकनवूड या उपनगरात स्वतःचं लू मालनाटीज काढलं. शिवाय ॲलिस मे रेडमंड. मिसिसिपीहून आलेली ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण उनोच्या भटारखान्यात होती आणि ताठर पीठ तिने हाताळण्याजोगं केलं असं सांगतात. पुढे ती जिनोज ईस्टमध्ये गेली. ते १९६६ मध्ये दोन टॅक्सीवाल्यांनी एका मित्राला घेऊन सुरू केलेलं. श्रेयाची कागदोपत्री शाबिती कोणाकडेच नाही. माझा कौल विचाराल तर तो पीठ मळणाऱ्या हातांना. मालकाचं नाव पाटीवर लागतं आणि कृती सुधारते ओट्याशी, हे काय फक्त शिकागोत होतं?

प्रत्यक्ष टेबलावर

माझा भाचा शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहतो. त्याने मला उनोला नेलं ते आधीच पढवून. "मावशी, भूक लागल्यावर ऑर्डर द्यायची नाही. भूक लागायच्या आधी द्यायची." बाहेर रांग होती. रांगेत उभ्या असतानाच मेनूकार्ड हातात आलं आणि पिझ्झा सांगून टाकायचा होता. मला हे नवलच वाटलं. जागेचा पत्ता नाही आणि ऑर्डर कसली? पण हिशेब साधा आहे. जागा मिळायला वीस-पंचवीस मिनिटं लागणार असतील तर तेवढा वेळ पिझ्झा ओव्हनमध्ये काढेल. तुम्ही बाहेर उभे, तो आत भाजतोय, दोघांची वेळ एकदमच होते.

बसल्यावर भाच्याने एकच सॅलड मागवलं, तिघांत. गार्लिक ब्रेडकडे माझी नजर गेली तर म्हणाला, "इथेच सगळे फसतात." खरं आहे. पाऊण तास रिकामं बसवत नाही, माणूस आधी पावावर ताव मारतो आणि मुख्य पाहुणा येईपर्यंत पोट भरलेलं असतं.

पिझ्झा भांड्यासकट येतो. ते भांडं टेबलावर टेकतं तेव्हाही कडेला तेल चुरचुरत असतं. वाढणारी मुलगी चपटा कालथा तळाशी सारते, हलकेच फिरवते आणि पहिला तुकडा उचलते. चीज सुटायला तयार नसतं. भांड्यापासून माझ्या बशीपर्यंत तारांचा झुलता पूल झाला, तो तिने सवयीने कालथ्याभोवती गुंडाळून तोडला. बशीतल्या तुकड्याची मागची भिंत काटकोनात उभी होती आणि पुढच्या टोकातून चीज सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं, बाहेर येत होतं. काट्याने कड मोडली, तर खारी मोडल्याचा आवाज आला.

आणि मी चूक केली. लगेच घास घेतला.

टाळूची साल निघाली. भाचा म्हणाला, "अगं, थांबायचं असतं." टोमॅटोतलं पाणी आणि त्याखालचा चीजचा थर उष्णता धरून ठेवतात. गरम मोदकातलं सारण जसं पारी कोमट झाली तरी आत धगधगत असतं, तसंच. वाढल्यावर चार-पाच मिनिटं तरी हात लावू नये. तेवढ्यात चीजही जरा आवळतं आणि तुकडा ढासळत नाही. हाताने उचलायचा प्रयत्न करूच नका. घडी घालून खायची न्यूयॉर्कची पद्धत इथे शर्टाच्या मुळावर येते.

चव? मला टोमॅटो आवडले, सगळ्यांत जास्त. आंबट-गोड, मोठे तुकडे, ताजे लागणारे. चीज मात्र मला थोडं अती झालं. दुसरा तुकडा निम्म्यावर सोडला.

नंतर दुसऱ्या एका ठिकाणी, नाव कशाला घेऊ, याच पदार्थाची फजितीही पाहिली. गर्दीची वेळ, पिझ्झा वीस-बावीस मिनिटांत हजर. आम्ही खूश. कापला तर तळ पांढराफटक आणि मध्यात पीठ पचपचीत. गुलाबजामचा तोच न्याय. तेव्हापासून पिझ्झा फार लवकर आला की मी कडेऐवजी मध्यभाग उचलून बघते.

"हा पिझ्झाच नाही, पाय (pie) आहे"

पाय म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ. आक्षेप जुना आहे आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत फार चवीने चघळला जातो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी चव मान्य करून वर, याला पिझ्झा म्हणू नये, असा जणू निकालच दिला होता. न्यूयॉर्कचा विनोदवीर जॉन स्टुअर्ट याने २०१३ मध्ये टीव्हीवर याची यथेच्छ टर उडवली. निमित्त काय, तर न्यूयॉर्कची नवी इमारत शिकागोच्या विलिस टॉवरपेक्षा उंच ठरली होती.

बांधणी पाहिली तर पायचा आरोप निराधार नाही. मोहनाचं कवच, आत सारण. पण थालीपीठ भाकरी आहे की नाही यावर वाद घालून भूक भागत नाही. यीस्टचं पीठ, टोमॅटो, मोझरेला, सगळं इटालियन स्थलांतरितांच्या स्वयंपाकातलं. वंशावळ पिझ्झ्याचीच आहे. सासर बदललं म्हणून माहेर पुसलं जात नाही.

घोळ वाढवणारी भावंडंही आहेत. १९७०च्या दशकात आलेला स्टफ्ड पिझ्झा (जिओर्दानोज, नॅन्सीज ही त्याची ठिकाणं) म्हणजे चीजवर पिठाचा आणखी एक पातळ थर आणि त्यावर सॉस. इटलीतल्या ईस्टरच्या भरल्या पायवरून सुचलेला. थोडक्यात, राक्षसी करंजी. पीक्वॉड्समध्ये चीज थेट भांड्याच्या कडेला टेकवून काळपट, कुरकुरीत करतात. ज्यांना दुधाच्या पातेल्यातली खरवड आवडते त्यांनी सरळ तिकडे जावं.

शिकागोचे लोक रोज हेच खातात?

छे. पुण्यातली माणसं रोज पुरणपोळी खातात का? पाहुणे आले, वाढदिवस झाला, थंडी कडाक्याची पडली, की डीप डिश. एरवी तिथल्या लोकांचा घरगुती पिझ्झा म्हणजे टॅव्हर्न स्टाइल. पापडासारखा पातळ, गोल, पण त्रिकोणी न कापता वड्या पाडल्यासारखा चौकोनी कापलेला. जुन्या दारूच्या गुत्त्यांत बिअरबरोबर चखणा म्हणून तो पुढे आला. एका हातात ग्लास, दुसऱ्यात वडी. होम रन इन आणि व्हिटो अँड निक्स ही त्याची जुनी नावं. भाच्याच्या ऑफिसातला, दक्षिण शिकागोत वाढलेला एक जण म्हणाला की तो डीप डिश वर्षातून दोनदा खातो, दोन्ही वेळा पाहुण्यांच्या कृपेने.

शाकाहारी असाल तर, आणि बिलाचं

तिथे सॉसेज म्हणजे बडीशेप घातलेलं डुकराचं मांस, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची अख्खी चकती पिझ्झाभर पसरतात. तुकड्यातून वेचून काढणं शक्य नाही, म्हणून आधीच सांगा. पालक-मशरूमचे पर्याय सर्रास असतात. मालनाटीजमधला "द लू" पालक, मशरूम आणि टोमॅटोचाच आहे. तिथे "क्रस्टलेस" असं नाव दिसलं तर मात्र सावध. पिठाऐवजी तळाला सॉसेजच असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी सॉसबद्दल विचारावं. अंडं, जिलेटिन, रेनेट (चीज करताना दूध विरजायला वापरतात तो, अनेकदा प्राणिजन्य पदार्थ) इथपर्यंत पाळणाऱ्यांनी चीजबद्दलही.

मोठा पिझ्झा साधारण तीस-चाळीस डॉलरच्या घरात जातो. त्यावर शहरातला कर बारा टक्क्यांच्या आसपास, आणि टिप अठरा ते वीस टक्के. रुपयांत गुणाकार केला की घास अडकतो, तेव्हा करू नका. पण मोठ्यात चौघं सहज जेवतात, आणि सहसा उरतो.

उरलेल्याला नाकं मुरडू नका. पिठात मोहन असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कुरकुरीत होतो, मात्र मायक्रोवेव्हमध्ये नाही. तिथे तळ सादळतो. भाच्याकडे सकाळी आम्ही लोखंडी तव्यावर मंद आचेवर तो ठेवला, वर झाकण, दहा मिनिटं. झाकणाखाली चीज सैल झालं, तळ चुरचुरायला लागला. भाच्याने गार तुकड्यावर वरून चक्क लसणाची कोरडी चटणी भुरभुरवली, जी मीच पुण्याहून नेली होती. चहाबरोबर मी तो अख्खा तुकडा संपवला, आदल्या रात्री निम्म्यावर सोडलेला धरून.